बंदीच्या महिन्यात एक मूक सामना

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
न्शोना नगरपालिका,
किनारा रस्ता, न्शोना,
ग्रेटर अक्रा विभाग, घाना.

विषय: ढोलबंदीचा पूर्ण मान राखून, शिट्टी, टाळ्या व आरडाओरड यांविना, शनिवार दि. ८ जून रोजीचा महिला फुटसाल सामना खेळण्यास परवानगी मिळणेबाबत. तसेच मासळी बाजारामागील मैदानाचे कुलूप त्या दिवसापुरते उघडून देणेबाबत.

संदर्भ: १) आमचा अर्ज, दि. २० मे.
२) आपले नकाराचे पत्र, दि. २९ मे.

महोदय,

१. मी लामिले ओक्पोती, राहणार धूरभट्टी आळी, न्शोना. पदार्थविज्ञानाची पदवी मी गेल्या वर्षी घेतली असून सध्या राष्ट्रीय सेवेच्या वर्षात येथील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी मी 'न्शोना लाटा' या महिला फुटसाल संघाची गोलरक्षक असते. चिटणीस व्हायला संघात दुसरे कोणीच तयार नसल्याने चिटणीसही मीच आहे. संदर्भ क्र. २ चे आपले पत्र काल दुपारी मिळाले. मंगळवारचा सराव आणि बुधवारी त्यावर सहीशिक्क्याचे पत्र, एवढी तत्परता आमच्या आळीने आजवर अनुभवलेली नव्हती. आळीतल्या बंद दिव्याबद्दलचा आमचा अर्ज मी शाळेत शिकत होते तेव्हापासून विचाराधीन आहे. त्यामुळे पत्राचा मजकूर नकाराचा असूनही आम्ही सर्वजणी प्रभावित झालो, हे प्रथम नमूद करते.

२. आपण नकाराची दोन कारणे दिली आहेत. पहिले, 'फुटसाल हा स्वतंत्र खेळ नसून मोठे मैदान न मिळाल्याने केलेली तडजोड आहे, सबब तो निकडीच्या बाबींत मोडत नाही.' दुसरे, 'मंगळवारी किनाऱ्यावर झालेल्या तथाकथित मूक सरावात गोल होताच मोठी आरोळी उठल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः ऐकले आहे.' या दोन्हींचा खुलासा मी करत आहे. दुसरे कारण जरा नाजूक असल्याने ते शेवटी घेते.

३. पहिल्या कारणाबाबत. फुटबॉलवर या गावाचे किती प्रेम आहे हे आपणास मी सांगणे म्हणजे समुद्राची दिशा दाखवण्यासारखे आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला बाजारापलीकडचे मोठे मैदान होते. समुद्राने त्याचा एक गोलखांब गिळला, मग दुसरा, मग मधले वर्तुळ. त्यानंतर गावात उरल्या फक्त गल्ल्या, आणि गल्ल्यांत उरले 'छोटे खांब', म्हणजे दोन दगड, मध्ये चार पावले जागा, आणि गटार ही बाजूची रेषा. आमच्या संघातली प्रत्येक मुलगी तिथेच शिकली. मासळीचे ट्रक उभे करण्यासाठी नगरपालिकेने बाजारामागे सिमेंटची जागा केली, ट्रक तिकडे फिरकले नाहीत, आणि कोणीतरी तिथे रंगाने रेषा मारल्या. तेव्हा आम्हाला कळले की आपण इतकी वर्षे जे खेळत होतो त्याला नाव आहे, नियम आहेत, आणि पाच जणींचा संघही असतो. सुरुवातीला थट्टा झाली. मैदानाचे रखवालदार श्री. ओकाय तेव्हा म्हणाले होते, "हा कसला फुटबॉल? हे फुटबॉलचं पिल्लू आहे. मोठं झालं की सांगा." पिल्लू मोठे झाले आहे, साहेब. आज गावात बारा संघ आहेत, केंकेसाठी मका दळणाऱ्या गिरणीवाल्यांचा एक, शिंप्यांचा एक, दोन चर्चचे प्रत्येकी एक. पूर्वी फक्त चर्चमध्ये एकमेकांशी न बोलणारे लोक आता फुटसालमध्येही बोलत नाहीत. एखाद्या खेळाने गावात मूळ धरल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

४. निकड अशी की, विभागीय महिला लीगमध्ये आम्ही दुसऱ्या स्थानावर आहोत. ८ जूनला सांगो गावच्या संघाविरुद्ध शेवटचा सामना आमच्या मैदानावर आहे. तो जिंकला तर आम्ही कुमासीच्या राष्ट्रीय फेरीत जातो. न खेळल्यास तो सांगोला बहाल होतो व आमचे वर्ष तिथेच संपते. आमची कर्णधार अॅजेले नोते हिच्यासाठी हे केवळ वर्ष नाही. ती पहाटेपासून दुपारपर्यंत आईबरोबर भट्टीवर मासळी धुरवते. मोठ्या मैदानाच्या फुटबॉलमध्ये तिला दोन वेळा निवड चाचणीतून परत पाठवले. दोन्ही वेळा एकच शेरा, 'उंची कमी'. फुटसालमध्ये चेंडू जमिनीवरच राहतो, तेथे तिची उंची कोणी विचारत नाही, कारण विचारण्याच्या आत ती पुढे निघून गेलेली असते. देशाच्या महिला फुटसाल संघासाठी निवड समिती फक्त कुमासीच्या फेरीतून मुली घेते. अॅजेलेने मला एवढेच सांगितले आहे, "लामी, हरले तर मी भट्टीवर जाईन. पण न खेळताच भट्टीवर पाठवलंस ना, तर तुला पण धुरवीन." चिटणीस म्हणून हे मी गांभीर्याने घेत आहे.

५. सामन्याची तारीख वा जागा बदलून घ्यावी असे आपण सुचवाल. आम्ही विचारले. लीगच्या नियमाप्रमाणे त्यासाठी महिनाभर आधी अर्ज लागतो, आणि मक्याच्या पेरणीनंतरच्या ढोलबंदीची तारीख पुजारी मंडळी जाहीर करतात ती त्याहून उशिरा. म्हणजे अर्ज करायच्या वेळी कारण नसते आणि कारण आले की अर्जाची वेळ संपलेली असते. लीगच्या कार्यालयातील गृहस्थांना मी हे समजावले. ते म्हणाले, "ताई, तुमच्या मक्याला सांगा जरा लवकर उगवायला." हा निरोप मी पुढे पोचवलेला नाही.

६. येथे स्पष्ट करते की बंदीला आमचा काडीचाही विरोध नाही. मी विज्ञान शिकवते, पण त्याच मक्याचे क्पोक्पोई होमोवोच्या सणादिवशी पामच्या रश्श्याबरोबर तीन वाट्या खाते. पेरलेला मका शांततेत उगवावा म्हणून वर्षातून एकदा सारे गाव महिनाभर हळू बोलते, ही मला आपल्या गावाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. प्रश्न एवढाच आहे की फुटसाल आवाजाशिवाय खेळता येतो की नाही. हा मताचा प्रश्न नसून मोजून पाहण्याचा आहे, म्हणून मी मोजला.

७. आपल्या सूचनाफलकावर ढोल, भोंगे, टाळ्या, शिट्ट्या व फटाके यांना मनाई आहे; चेंडूचा उल्लेख नाही. तरीही मैदानाला कुलूप लागले व आमचा चेंडू देखरेख पथकाने 'वाद्य, गोल, एक' म्हणून जप्त केला. (तो परत मिळावा. वाजत नाही म्हणून तो मोडलेला आहे असे समजून फेकू नये.) मी श्री. ओकाय यांना यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, चेंडू यादीत नाही हे खरं. पण तुमची बॉर्लेही यादीत नाही. म्हणून काय तिचा आवाज होत नाही?" आंटी बॉर्ले या आमच्या प्रशिक्षक. बाजाराच्या तोंडाशी त्यांचे केंके व तळलेल्या मासळीचे दुकान आहे. श्री. ओकाय यांचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या योग्य असल्याने तोही तपासला.

८. पुजाऱ्यांच्या वाड्याच्या भिंतीशी फोन ठेवून सलग चार संध्याकाळी नोंदी घेतल्या. फोन प्रयोगशाळेतील उपकरण नव्हे, त्यामुळे आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा. सर्वांत शांत: फुटसालचा चेंडू (आमचा जप्त असल्याने शिंप्यांच्या संघाकडून उसना घेतलेला). तो मुळातच जड असतो व फारसा उसळत नाही. त्याच्या वर मुलींचे बूट. त्याच्या वर समुद्र. त्याच्या वर केंकेची गिरणी, जिला बंदी नाही. गिरणीच्या बरेच वर आंटी बॉर्ले, त्या वेळी त्या फक्त सुट्टे पैसे मागत होत्या. निष्कर्ष असा की खेळाचा आवाज समुद्राखाली बुडतो. अडचण माणसांची आहे.

९. म्हणून आम्ही माणसांवर काम केले. फुटसालमध्ये पंच चार सेकंदांची मोजणी एरवीही बोटे उंचावून दाखवतात. तेव्हा निम्मा खेळ मुळातच मूक आहे. शिट्टीऐवजी पिवळा रुमाल व वेळ संपल्याच्या भोंग्याऐवजी लाल कापड वापरण्यास पंच तयार आहेत, आणि दोन्ही संघांची संमती असल्यास लीगचीही हरकत नाही. सांगोची कर्णधार तर हसून म्हणाली, "खेळू की. आमच्याकडेही बंदी असतेच. पुढच्या वर्षी तुम्ही या आमच्याकडे, तोंडं शिवून." खेळाडूंनी एकमेकींना हाका कशा मारायच्या, हा प्रश्न मात्र कठीण वाटत होता. तो सोडवायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. होडीतून किनाऱ्यावर हाक पोचत नाही म्हणून आपले कोळी हातांनी बोलतात: जाळे भरले, ओढा, थांबा, डावीकडे खडक. आमच्यातल्या प्रत्येकीला या खुणा आठवणीच्याही आधीपासून येतात. आता 'ओढा' म्हणजे पास दे, 'खडक' म्हणजे मागे प्रतिस्पर्धी आहे, आणि 'जाळे भरले' म्हणजे काय ते आपण ओळखालच.

१०. यातून मला अपेक्षित नसलेली एक गोष्ट हाती लागली. खूण बघायची तर मान वर हवी. पूर्वी आम्ही चेंडूकडे पाहत खेळायचो आणि ओरडून जागा सांगायचो. आता ओरडता येत नाही म्हणून प्रत्येकजणी प्रत्येकीकडे पाहते, आणि दोन आठवड्यांत आमच्या चुकीच्या पासांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आहे. नमुना लहान आहे, हे मान्य. पण आंटी बॉर्ले यांनाही ते दिसले. "गेली सहा वर्षे मी ओरडले नसते, तर तुम्ही केव्हाच जिंकल्या असतात का?" असे त्यांनी विचारले. शास्त्रीय उत्तर 'शक्य आहे' असे होते. मी 'नाही आंटी' म्हणाले.

११. आंटी बॉर्ले यांना गप्प ठेवणे हा या प्रकल्पाचा सर्वांत अवघड भाग ठरला. त्या म्हणाल्या, "मी गप्प बसले तर पोरींना वाटेल मी मेले. खेळ सोडून रडत येतील माझ्याकडे." तोंडावर रुमाल बांधून पाहिला, आवाज रुमालातून आला. शेवटी उपाय त्यांच्याच दुकानात सापडला. सामना सुरू असताना त्यांनी तोंडात केंकेचा मोठा घास धरायचा व गिळायचा नाही. आंबवलेल्या मक्याचा केंके घट्ट असतो, आणि अन्न थुंकून टाकणे त्यांना पटत नाही. हा उपाय शंभर टक्के यशस्वी आहे. दुष्परिणाम एवढाच की मध्यंतरात त्या दुप्पट बोलतात, म्हणून मध्यंतर आम्ही गिरणीत घेणार आहोत.

१२. एवढी तयारी झाल्यावर मी रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन वृद्ध पुजारी नूमो आशिते यांच्याकडे गेले. त्यांच्याशी थेट बोलायचे नसते, मध्यस्थामार्फत बोलायचे. आवाज मोजण्याची पट्टी लघुगणकीय असते हे मी मध्यस्थांना दहा मिनिटे समजावले. ते वळून नूमोंना म्हणाले, "पोरगी म्हणते, थोडं वाढलं की फार वाढतं." याहून चांगले भाषांतर मला वर्गात कधी जमलेले नाही. नूमोंनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "चेंडूचं मला काही नाही. मका चेंडूला घाबरत नाही. पण गोल झाला तर? उभ्या आयुष्यात मी गोल झाल्यावर गप्प राहिलेला आपल्याकडचा माणूस पाहिला नाही. मी स्वतः राहिलेलो नाही." मग त्यांनी अट घातली. मंगळवारी किनाऱ्यावर सर्वांसमोर खेळून दाखवावे. मैदानात वा प्रेक्षकांत गोलाला एकही आवाज निघाला तर सामना विसरावा. आवाज नाही निघाला तर त्यांची संमती. आणि आवाज करणारा कोणीही असो, त्याने रीतीप्रमाणे एक मेंढा द्यावा.

१३. आता आपल्या पत्रातील दुसरे कारण. मंगळवारी कोळी समुद्रावर जात नाहीत, त्यामुळे जाळी दुरुस्त करायला बसलेले सगळे पुरुष, भट्टीवरच्या बायका व शाळेची मुले असा सुमारे तीनशेंचा जमाव होता. ओल्या वाळूवर रेषा ओढल्या होत्या व आमच्याच मुलींचे दोन गट केले होते. नूमो पांढऱ्या वस्त्रांत खुर्चीवर होते. मी एक फोन जमावाच्या बाजूला व एक रस्त्याच्या बाजूला ठेवला होता. पहिला गोल झाला तेव्हा तीनशे माणसांनी श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. मग सगळीकडून हात वर गेले, जाळे भरल्याची खूण. साहेब, मी बरेच सामने पाहिले आहेत; इतका मोठा जल्लोष मी ऐकलेला नाही, आणि हाही ऐकला नाही. दुसरा गोल अॅजेलेचा. तिने तिघींना चकवले, गोलरक्षक म्हणून समोर मी होते, आणि तिने चेंडू माझ्या दोन पायांमधून नेला. (हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण अर्ज सत्य असावा.)

१४. त्याच क्षणी एक आरोळी उठली. आपण म्हणता ते खरे आहे; ती मोठी होती, आणि आंटी बॉर्ले यांच्या सुट्ट्या पैशांच्या नोंदीच्याही वर होती. मात्र जमावाकडील फोनपेक्षा रस्त्याकडील फोनवर ती कितीतरी अधिक आहे. आवाज अंतराप्रमाणे क्षीण होतो, सबब तो रस्त्याच्या बाजूने आला. रस्त्यावर त्या वेळी एकच वाहन थांबलेले होते. पांढऱ्या रंगाचे, दारावर नगरपालिकेचे बोधचिन्ह असलेले. मागच्या खिडकीची काच खाली होती आणि तीतून एक व्यक्ती कमरेपर्यंत बाहेर आलेली होती, दोन्ही मुठी आकाशात. आरोळीचे शब्द पुढीलप्रमाणे: "गोऽऽऽल! बघितलंस का रे, पायांमधून! पायांमधून!" तीनशे माणसे वळली आणि तीनशे बोटे ओठांवर गेली. आंटी बॉर्ले तोंडातला घास सांभाळत हातानेच जे म्हणाल्या ते मी येथे लिहीत नाही. व्यक्ती आत गेली, काच वर गेली, वाहन निघून गेले.

१५. ती व्यक्ती कोण हे मी सांगू शकत नाही. आवाज मला ओळखीचा वाटला, कारण दरवर्षी स्वातंत्र्यदिनी शाळेच्या पटांगणात तो लांबलचक भाषण करतो. पण ओळखीचा वाटणे हा पुरावा नव्हे, आणि मी पुराव्याबाहेर जात नाही. नूमोंनी निकाल दिला की आवाज मैदानातला नाही व प्रेक्षकांतलाही नाही, म्हणून त्यांची संमती कायम आहे. मेंढ्याचे काय, असे ते मध्यस्थांमार्फत मला दोनदा विचारून चुकले आहेत. "रस्त्यावरचा तो गृहस्थ कोण? पोरीला माहीत असेल." मी अजून उत्तर दिलेले नाही. खरे तर मला द्यायचेही नाही. जो माणूस लेखी कळवतो की फुटसाल हा खेळच नव्हे, तोच ऑफिस सुटल्यावर किनाऱ्यावर गाडी थांबवून दुसऱ्या गोलापर्यंत थांबतो, त्याच्याकडून मेंढा कसला घ्यायचा? या देशात फुटसाल वाढतो आहे, हे सिद्ध करायला मी बारा संघांची आकडेवारी गोळा केली होती. त्या एका आरोळीपुढे ती सगळी फिकी आहे.

१६. सबब नम्र विनंती की, दि. ८ जून रोजी दुपारी चार वाजता मैदानाचे कुलूप उघडून मूक सामन्यास परवानगी द्यावी व आमचा चेंडू परत करावा. अॅजेलेला कुमासीला जायचे आहे, तेवढे दार आपल्या सहीने उघडते. त्याचबरोबर, आपण स्वतः सामन्यास उपस्थित राहावे ही संघाची एकमुखी, अर्थात मुकी, इच्छा आहे. पहिल्या रांगेत आंटी बॉर्ले यांच्या शेजारची खुर्ची राखून ठेवली आहे. ती रस्त्यापासून लांब आहे.

आपल्या उत्तराची, तेही कालच्याच वेगाने, वाट पाहणारी,

आपली नम्र,
(सही)
लामिले ओक्पोती
गोलरक्षक व चिटणीस, न्शोना लाटा महिला फुटसाल संघ
न्शोना, दि. ३० मे २०२४

सोबत:
१) आवाजाच्या नोंदी, आलेखासह.
२) सांगो संघाचे संमतिपत्र.
३) नूमो आशिते यांची संमती (अंगठा, मध्यस्थांच्या सहीने).
४) केंकेचा एक गोळा, मक्याच्या पानात बांधलेला. आंटी बॉर्ले यांजकडून, सामन्याच्या दिवशी आपल्या स्वतःच्या वापरासाठी. गिळू नये.